समईपाशी ठेवलेला थेंब

पडद्यावर किडे वळवळायला लागले तशी गोदामातल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पडदा म्हणजे भिंतीवर टांगलेला भलामोठा टीव्ही. त्यावर पॅकिंग खात्यातल्या एका पोराच्या बोटातला रक्ताचा थेंब कितीतरी पटींनी मोठा होऊन दिसत होता. पेशींना काटे फुटले होते आणि त्यांच्या मधून बारीक काळ्या रेघा सरपटत होत्या. टीव्हीखाली पांढऱ्या झब्ब्यात रक्तयोगी रघुनाथदादा उभे होते. हातात छडी होती, शाळेत नकाशा दाखवायला असते तशी.

“हा बघा,” छडीचं टोक एका रेघेवर ठेवून दादा म्हणाले. “हा कोण? हा तुमचा भाडेकरू. भाडं देत नाही, जेवतो मात्र दोन्ही वेळ. डॉक्टरला विचारा, तुला दिसतो का? डॉक्टर म्हणतो रिपोर्ट नॉर्मल. अरे, रिपोर्ट नॉर्मल आहे तर माणूस रडतोय कशाला?”

लोक हसले. लोकांना हसवण्याची कला त्या माणसाला होती, हे मान्य केलं पाहिजे. गुरुवारची संध्याकाळ होती, दिवसपाळी सुटली होती. आमच्या कारखान्यांच्या गावाशेजारी, सामरवरणीतल्या त्या जुन्या गोदामात धुळे-नंदुरबारकडचे कामगार बायकापोरांसह सतरंजीवर दाटीने बसले होते. पुढे खुर्च्यांवर पुण्या-नाशिककडचे इंजिनिअर, मॅनेजर आणि त्यांच्या घरचे होते. बाहेर मोटारी लावायला जागा उरली नव्हती. मी शेवटच्या रांगेत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर दात आवळून बसले होते.

तिथली पद्धत ठरलेली होती. दादा भक्ताच्या बोटाला सुई टोचत, थेंब काचपट्टीवर घेत आणि त्यावर पातळ काच ठेवत. मग ती काचपट्टी मातेच्या, म्हणजे दादांच्या देवीच्या, तसबिरीपुढे, पेटत्या समईला अगदी लागून, पितळी तबकात ठेवली जाई. आधी मातेने बघायचं, मग माणसाने. मग सगळ्यांनी उभं राहून टाळ्यांच्या ठेक्यावर अख्खी आरती म्हणायची आणि वर मंत्रपुष्पांजली. ते झालं की काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली जाई आणि पडद्यावर काटे आणि किडे दिसत. मग भक्ताने तांब्याच्या पेल्यातलं तीर्थ घ्यायचं. लगेच दुसऱ्या बोटाचा थेंब, आणि तो मात्र थेट पडद्यावर. आता पेशी गोल, गुळगुळीत, एकही किडा नाही. पॅकिंगवाला पोरगा ढसाढसा रडला आणि त्याने दादांच्या पायावर डोकं ठेवलं.

मी डॉक्टर भक्ती. नावाचं मनावर घेऊ नका, ते ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. टोकरखाड्यात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. म्हणजे पोटासाठी मी दिवसभर जे बघते, तेच हा माणूस आरती लावून दाखवत होता. मला तिथे घेऊन आला होता आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा हृषीकेश. तो सुताच्या एका कारखान्यात क्वालिटीचा मुख्य आहे, मूळचा पुण्याचा, शहाणा, वाचणारा माणूस. दादांच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून तो टीव्हीला जोडण्याची सेवा त्यानेच केली होती आणि दर गुरुवारी काचपट्ट्या लावायला यंत्रापाशी तोच उभा राहायचा.

अंधश्रद्धा गरिबांची, अडाण्यांची, असं आपण मोठ्या सुखाने म्हणतो. इथे ती वरून खाली आली. आधी खुर्च्या भरल्या, मग सतरंजी भरली. हृषीकेशच्या कारखान्यात मशीनवर बारकू नावाचा शहाद्याकडचा ऑपरेटर होता. त्याला मी विचारलं होतं की तू कशाला जातोस बाबा. तो म्हणाला, साहेब इंजिनिअर आहे, तो जातो म्हणजे चेक करूनच जात असेल ना.

त्या दिवशी शेवटी गौरीला पुढे बोलावलं. गौरी ही हृषीकेश आणि त्याची बायको अदिती यांची मुलगी, सात वर्षांची. बापाने तिला उचलून खुर्चीवर बसवलं, कारण चार पावलं चालली तरी ती थकायची. थेंब झाला, आरती झाली, पडद्यावर काटे आले. दादा छडी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, “हिच्या पेशींचं पॉवरहाउस कुणीतरी बंद पाडलंय. बाहेरून. पोरीत दोष नाही. बापात दोष नाही. आणि माय, तुझ्यात तर मुळीच नाही.”

सगळ्यांसमोर ते ऐकून अदिती तिथेच कोसळली. पदरात तोंड खुपसून रडत राहिली. मग तीर्थ झालं, दुसरा थेंब झाला, पडद्यावर गोल गुळगुळीत पेशी आल्या आणि गोदाम जयजयकाराने भरून गेलं. मी गौरीकडे बघत होते. तिच्या पापण्या तशाच अर्ध्या मिटलेल्या होत्या आणि मान एका बाजूला कलली होती. पण तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे टीव्हीकडे बघत होते. टीव्हीवरचं रक्त बरं झालं होतं आणि मुलीला मोटारीपर्यंत उचलूनच न्यावं लागलं.

आता ‘पॉवरहाउस’ हा शब्द दादांच्या तोंडी कुठून आला, ते सांगते. तो दिला होता हृषीकेशने, आणि हृषीकेशला तो मिळाला होता मुंबईच्या डॉक्टरांकडून.

गौरी पहिलीत असताना जिना धावत चढायची, मला माझ्या दारातून ऐकू यायचं. मग एक ताप आला आणि उतरला, पण ती पहिल्यासारखी झाली नाही. पुढच्या तापानंतर आणखी खाली आली. पापण्या पडायला लागल्या, उलट्या व्हायच्या, एकदा फिट आली. मुंबईला मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा मीही बरोबर होते. त्यांनी कागदावर पेशीचं चित्र काढून समजावलं. पेशीत तंतुकणिका असतात, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्या पेशीचं पॉवरहाउस, अन्न आणि प्राणवायू वापरून शक्ती तयार करतात. त्यांच्यातच बिघाड असला तर ज्या अवयवांना शक्ती जास्त लागते, ते आधी थकतात: मेंदू, स्नायू, डोळे. गौरीचं तसं असावं असा त्यांना संशय होता.

पूर्वी याची खात्री करायला मांडीच्या स्नायूचा तुकडा काढावा लागे. आता आधी रक्तावर काम होतं, असं ते म्हणाले. रक्तातल्या तांबड्या पेशींत तंतुकणिका नसतात, पण पांढऱ्या पेशींत आणि प्लेटलेटमध्ये असतात. त्या पेशी जिवंत असताना त्यांना प्राणवायू किती लागतो हे मोजता येतं. आकडा फार खाली आला तर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे याचा माग लागतो आणि जनुकांच्या तपासणीला दिशा मिळते. रक्तात सगळं ठीक दिसलं तरी स्नायूत दोष असू शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. रक्त मात्र ताजं पोचायला हवं होतं. ठरलं असं, की सकाळी मी नमुना घ्यायचा आणि मोटारीने थेट मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यायचा.

हृषीकेशने विचारलं, औषध आहे का. डॉक्टर म्हणाले, खात्रीचं नाही. काही जीवनसत्त्वं देऊन बघता येतात. पण नाव कळलं की काय टाळायचं ते कळतं. फिट्सवरचं एक नेहमीचं औषध अशा काही मुलांना घातक ठरतं. ताप आला तर घरी थांबायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तपासणी होवो न होवो, हिला उपाशी ठेवायचं नाही. हिची भट्टी आधीच मंद आहे, सरपण थांबलं तर विझेल. हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि घरच्या तिन्ही मोठ्या माणसांनी मान हलवली.

तिसऱ्या म्हणजे प्रमिलाकाकू, हृषीकेशच्या आई. उठता उठता त्यांनी विचारलं, हे येतं कुठून? डॉक्टर म्हणाले, कधी आईकडून येतं, कधी दोघांकडून अर्धं अर्धं येतं, कधी मुलातच नव्याने होतं, तपासल्याशिवाय सांगता येत नाही. काकूंनी त्यातलं पहिलं तेवढं उचललं आणि बाकीचं तिथेच ठेवून आल्या. परतीच्या वाटेवर तलासरी येईपर्यंत त्या अदितीच्या माहेरच्या एकेकाचे आजार आठवत होत्या. अदिती काचेतून बाहेर बघत बसली होती. मला तेव्हाच काकूंना दोन शब्द सुनवावेसे वाटले, आणि मी सुनावलेही. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

नमुना घ्यायच्या दिवशी मी सामान घेऊन वर गेले. खाली मोटार उभी होती. अदितीने दार अर्धंच उघडलं.

“ताई, नको. दादांनी रक्त काढायला मनाई केली आहे. हिची शक्ती त्यातूनच जाते म्हणाले.”

“पण दादा स्वतः टोचतात ना बोटाला?”

“ते मातेसमोर असतं.” मग दाराची कड धरून ती खालच्या आवाजात म्हणाली, “खरं सांगू? तुमच्या तपासणीत माझं नाव निघालं तर मी या घरात कशी राहू? दादा पहिल्या भेटीतच म्हणाले, बाहेरचं आहे. कुणाचाच दोष नाही म्हणतात. मला तेवढा तरी आधार राहू द्या.”

मी खूप समजावलं. रोग आईकडून आला तरी तो आईचा दोष नसतो, डोळ्यांचा रंग येतो तसाच येतो, हे सांगितलं. ती ऐकत होती आणि मान हलवत होती, पण दार तेवढंच उघडं होतं. मी पायऱ्या उतरले तेव्हा मला रघुनाथदादाचा राग आला होताच, पण त्याहून जास्त प्रमिलाकाकूंचा आला होता. घरात सुनेला चोर ठरवलं, म्हणून तिला बाहेरचा भामटा न्यायाधीश वाटला.

हृषीकेशशी त्या दिवशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तो चिडला नाही. तो म्हणाला, ताई, तुमचाच विषय आहे, एकदा स्वतः बघा. बिफोर आणि आफ्टर, दोन्ही काचपट्ट्या मी माझ्या हाताने लावतो, डोळ्यांनी बघतो. म्हणून मी त्या गुरुवारी गोदामात गेले होते.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी माझ्याच बोटाला टोचलं. थेंब काचपट्टीवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. गोल, गुळगुळीत पेशी. मग तीच काचपट्टी टेबलावरच्या दिव्याला लागून ठेवली आणि रिसेप्शनवरच्या सोनमला म्हटलं, आरती म्हण. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पण तिने म्हटली, सगळ्या कडव्यांसकट, मंत्रपुष्पांजलीसकट. मला त्यातलं एकही पाठ नाही, पण वेळ कळायला हवा होता. मग काचपट्टी पुन्हा बघितली. पेशींना काटे फुटले होते. रेघा वळवळत होत्या.

संध्याकाळी हृषीकेशला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा सगळं करून दाखवलं. त्याने बराच वेळ डोळा लावून बघितलं. मग म्हणाला, पण ताई, तुमच्याही रक्तात काही असू शकतं. मला हसावं की रडावं कळेना. मग मी त्याच्याच कारखान्याच्या भाषेत शिरले.

“सुताची रिळं तपासायची असली तर नमुना कोण काढतं?”

“आम्ही. माल देणाऱ्याने काढलेला नमुना मी हातात घेत नाही.”

“आणि एक नमुना बॉयलरपाशी ठेवला, दुसरा गार खोलीत, तर दोन्हींची ताकद ताडून बघशील?”

“नाही,” तो म्हणाला. “दोन्ही आधी एकाच खोलीत, एकाच हवेत ठेवावे लागतात. रात्रभर. नाहीतर सुताचा फरक कळत नाही, हवेचाच कळतो.”

खुर्चीवर बसून त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पहिला थेंब समईपाशी, दुसरा थेट यंत्रात. दर गुरुवारी तो स्वतः ते करत होता. कारखान्यात असा नमुना कुणी आणला असता तर त्याने त्या माणसाला घरी पाठवलं असतं. पण दारात चपला काढल्या की आपली माणसं डोकंही तिथेच काढून ठेवतात.

तो म्हणाला, येत्या गुरुवारी मीच सगळ्यांसमोर दाखवतो, माझ्यामुळे माझी माणसं तिथे गेली आहेत. मी म्हटलं, जरूर दाखव, पण आधी गौरीचं रक्त देऊ. आणि तेव्हा मला कळलं की दादांनी गौरीला गुरुवारचा कडक उपास सांगितला आहे, रक्त शुद्ध होईपर्यंत. माझ्या अंगाची लाही झाली. मुंबईच्या डॉक्टरांचे शब्द मी त्याला त्यांच्याच भाषेत ऐकवले. त्याने मला शब्द दिला की उपास आजपासून बंद. रक्ताचं मात्र अदितीने अडवलं. एवढा एक गुरुवार जाऊ द्या, मग हवं ते करा, म्हणाली. मी रोज जाऊन सांगत होते आणि ती रोज तेच म्हणत होती. बुधवारी गौरीला सर्दी झाली आणि अंग कोमट लागायला लागलं. मी बजावलं, दर दोन-तीन तासांनी खायला द्या, ताप वाढला तर इस्पितळात न्या. हो हो, म्हणाले सगळे.

गुरुवारी गोदाम नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. हृषीकेश यंत्रापाशी उभा होता. पहिल्या भक्ताला बोलावण्याआधी तो हात जोडून म्हणाला, “दादा, आज एक विनंती आहे. थेंब आधी पडद्यावर दाखवू, मग मातेपुढे ठेवू, मग पुन्हा पडद्यावर.”

दादा गोड हसले. आधी माता, मग माणूस, हा क्रम आपण बदलणारे कोण, म्हणाले. हृषीकेश म्हणाला, माता तर सगळीकडे बघते, तिला पडद्यावरचं दिसत नाही का? सतरंजीवर कुजबुज झाली. एवढ्यात बारकू उठला आणि बोट पुढे करून यंत्रापाशी गेला.

“मना थेंब घ्या साहेब. मनी बायकोनी तुमले दखीसनच साखरन्या गोळ्या बंद कऱ्यात.”

हृषीकेशचा चेहरा उतरला. साहेबांना बघून बारकूच्या बायकोने मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. त्याने बारकूचा थेंब घेतला आणि काचपट्टीच्या कोपऱ्यावर सुताच्या रिळावर खूण करायच्या पेनाने फुली मारली. ती फुली त्याने सगळ्यांना दाखवली. मग काचपट्टी यंत्रात लावली. पडद्यावर गोल, गुळगुळीत पेशी आल्या. तीर्थाचा थेंबही बारकूच्या पोटात गेलेला नव्हता.

दादा तयारीचे होते. लगेच म्हणाले, बघा, बारकू मुळातच शुद्ध आहे, कष्टाचं खातो, त्याला माता आधीच प्रसन्न आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हृषीकेशने काचपट्टी तबकात ठेवली, समईला लागून, नेहमीच्या जागी, आणि स्वतः आरती सुरू केली. लोकांना उठावंच लागलं. सगळी कडवी झाली, मंत्रपुष्पांजली झाली. त्याने तीच काचपट्टी पुन्हा यंत्रात लावली आणि कॅमेरा आधी फुलीवर नेला, मग रक्तावर. बारकूच्या शुद्ध रक्ताला काटे फुटले होते. काळे किडे वळवळत होते.

“एकच माणूस,” हृषीकेश म्हणाला. “एकच थेंब. एकच काच. मधे फक्त आरती झाली.”

मी पुढे गेले आणि सांगितलं. समईच्या धगीने काचेच्या कडेचं रक्त सुकतं. पाणी उडतं आणि उरलेलं रक्त खारट होत जातं. खारट पाण्यात पेशीतलं पाणी बाहेर येतं, ती आक्रसते आणि तिला काटे फुटतात. मिठात टाकलेली कैरीची फोड सुरकुतते ना, तसंच. सुकणाऱ्या कडेकडे आतलं पाणी ओढलं जातं, त्याबरोबर रक्तातले बारीक धागे आणि कण हलतात, ते तुमचे किडे. तीर्थ प्या किंवा चहा प्या, दुसरा थेंब ताजा आहे म्हणून गोल दिसतो. घरी जाऊन पहिला थेंब ताजा बघा आणि दुसरा सुकवा, तीर्थाने रक्त बिघडतं असंही सिद्ध होईल. आणि एक लक्षात घ्या, इथे जे दिसतं त्यातून कुणाचाही रोग कळत नाही, ना साखरेचा ना शक्तीचा. त्यासाठी मोजावं लागतं.

मला वाटलं, आता लोक उठतील. रघुनाथदादांनी डोळे मिटले आणि शांतपणे म्हणाले, “ज्याच्या मनात शंका, त्याच्या हातात रक्त बिघडतं. माता तरी काय करणार?”

आणि निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. खोटं सांगत नाही, डोलावल्या. पुढच्या खुर्चीवरचे एक मॅनेजर मला म्हणाले, मॅडम, सायन्स आपल्या जागी आहे, पण देवस्थानात असं बरं दिसत नाही. बारकू मात्र अजून टीव्हीकडेच बघत होता. काही बायका मुलांना घेऊन मागच्या मागे निघाल्या होत्या. तेवढ्यात हृषीकेशचा फोन वाजला. अदिती होती. गौरी उठत नाही, म्हणत होती.

आम्ही पोचलो तेव्हा गौरी पलंगावर होती. श्वास खोल आणि भराभर चालला होता, डोळे वर गेले होते. प्रमिलाकाकू चमच्याने तीर्थ तिच्या ओठांत घालायचा प्रयत्न करत होत्या आणि ते गालावरून ओघळत होतं. मी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं हिने. काकू तीर्थाचा चमचा पुढे करत राहिल्या. मी ओरडून विचारलं, तेव्हा अदिती म्हणाली, काल रात्री.

“दादा आज खोटे ठरले असते तर रात्रीच जेवायला घालणार होतो,” ती म्हणाली. “पण खरे ठरले असते तर? उपास मोडल्याचं पाप पोरीच्या माथी नको, म्हणून आम्ही दोघींनी... एकच दिवस तर होता.”

मी इतक्या वर्षांत खूप मूर्खपणा बघितला आहे. पण हा नुसता मूर्खपणा नव्हता. हा हिशोबीपणा होता. विज्ञानही हातचं जाऊ नये आणि मातेचाही कोप नको, म्हणून दोन दगडांवर पाय. त्या दगडांवर उभं केलं होतं ते तापाने फणफणलेल्या मुलीला.

इस्पितळात डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. साखरेचं सलाइन लावलं, रक्तातलं आम्ल तपासलं. ते भयंकर वाढलं होतं. त्यांनी तिला वाचवलं. पण मेंदूचे जे भाग तोवर उपाशी राहिले ते परत आले नाहीत. गौरी आता चालत नाही. बोलत नाही. नाकातल्या नळीने तिला भरवावं लागतं. आईचा आवाज आला की डोळे तेवढे तिकडे वळतात.

तिचं रक्त शेवटी मीच काढलं. आता कुणी अडवलं नाही. मोटार त्याच दिवशी मुंबईला पोचली. पांढऱ्या पेशी प्राणवायू फारच कमी वापरत होत्या, आणि बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे याचा त्यातून माग लागला. तो धरून जनुकांची तपासणी झाली. दोष अर्धा आईकडून आला होता आणि अर्धा बापाकडून. दोघंही स्वतः ठणठणीत, दोघांनाही कल्पना नाही. अदितीने ज्याची धास्ती घेऊन दार अर्धं लावलं, तसं काही नव्हतंच. प्रमिलाकाकूंना मी हे समोर बसवून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, मग आता यावर उपाय काय? मी म्हटलं, काकू, तिला वेळेवर जेवायला घालणं, हा होता.

हृषीकेशने पोलिसांत तक्रार केली नाही. कॅमेरा मीच लावला होता, सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे, म्हणाला. मी दोनदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. सामरवरणीचं गोदाम बंद झालं. आता दादा दादरा गावाच्या बाजूला बसतात असं ऐकते, तिथे ते रक्ताऐवजी जीभ बघतात. बारकूच्या बायकोच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. गोदामातल्या त्या संध्याकाळमधून निघालेलं चांगलं एवढंच.

माझ्या लॅबमध्ये अजूनही कुणी ना कुणी येतं आणि दबक्या आवाजात म्हणतं, डॉक्टर, तुमचे उपचार करतोच आहोत, पण जोडीला तेही करून बघितलं तर काय जातं? हे म्हणणारी माणसं अडाणी नसतात. हातात मोटारीची किल्ली असते. काय जातं ते मी आमच्या जिन्यात रोज बघते. एका मुलीचे पाय गेले, शब्द गेले, घास गेला. डॉक्टरांकडे तिच्यासाठी चमत्कार नव्हता, एक साधी सूचना होती, आणि साधी होती म्हणूनच कुणी ती जपली नाही.

म्हणून हात जोडून सांगते, मी ज्या कामासाठी हात जोडते ते हे एकच. कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका. एवढंच म्हणा, नमुना मी काढतो, दोन्ही एकाच हवेत ठेवतो, कोणता आधीचा, कोणता नंतरचा ते तुम्हाला न सांगता समोर आणतो, मग ओळखा. जो खरा असेल त्याला याचा राग येत नाही, मुंबईच्या त्या डॉक्टरांना तर असाच प्रश्न विचारलेला आवडतो. समोरचा रागावला, डोळे मिटून तुमच्या मनातल्या शंकेकडे बोट दाखवायला लागला, तर आरती संपायची वाट बघू नका. उठा, लेकराला उचला आणि निघा. दाराशी चपला सापडल्या नाहीत तर अनवाणी निघा.